सारख्या वाट्याचं मलम

"चोर पकडून देणारे नीलकंठराव ते हेच का?"

ओट्याखाली उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईंनी हे जगदेवरावांना विचारलं, आणि जगदेवरावांची मान आपोआप ताठ झाली. मिशीवरून, आवाजावरून, पोटावरूनसुद्धा ते कुठूनही पोलिसातले वाटत. खरे नीलकंठराव चिटणीस मागे पाटावर बसून शेंगा सोलत होते. बारीक चणी, जाड भिंगांचा चष्मा, मोडी शिकवणाऱ्या मास्तरांसारखा चेहरा.

"ते मागे बसलेत ते," जगदेवराव नाइलाजानं म्हणाले. "मी त्यांचा दोस्त."

देवासात त्या वर्षी अशा दोस्तांना तोटा नव्हता. एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं होती तोवर कोतवालही दोन होते आणि रिसालेही दोन. राज्यं विलीन झाली आणि सगळेच घरी बसले. नीलकंठराव धाकट्या पातीच्या पोलिसात तपासाचं काम बघत, जगदेवराव थोरल्या पातीच्या रिसाल्यात जमादार. एकानं खासगी तपास सुरू केला. दुसऱ्याचा घोडा सरकारजमा झाला होता, त्यामुळे त्याला वेळ होता. एकोणीसशे पन्नासच्या थंडीपर्यंत या जोडीचं नाव धारपर्यंत पोचलं होतं.

बाई वर येऊन टेकल्या. धारहून पहाटेच्या मोटारीनं निघाल्या होत्या, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता.

"मला सगळे माईच म्हणतात. माझा भास्कर धारेला गोपाळराव डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे." त्या थांबल्या. "लोक म्हणतात, त्यानं तीन माणसं मारली."

"कशी?" नीलकंठरावांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"पेनिसिलीनच्या बाटलीतलं औषध बाहेर विकलं आणि आत पाणी भरलं म्हणे. तिघांना जखमा होत्या, तिघांना सुया टोचल्या, तिघंही पू होऊन गेले. शेवटची सुभद्रा. वीस वर्षांची पोर, पदरात तान्हं. तिच्या माणसांनी भास्करला भर बाजारात गाठलं. नडगी फोडली त्याची. आता तो दवाखान्याच्याच मागच्या खोलीत पडलाय, दारात शिपाई आहे. उठून चालायला लागला की तुरुंगात नेणार."

"तुम्हांला काय वाटतं, माई?"

"मी आई. माझ्या वाटण्याला कोण विचारतो? तुम्ही जाऊन बघा. त्यानं पाणी भरलं असेल तर मला तोंडावर सांगा, मी पुन्हा त्याचं तोंड बघायची नाही. भरलं नसेल तर चारचौघांत सांगा आणि त्याला माझ्या घरी आणून द्या. एवढंच मागणं आहे."

जगदेवरावांना गलबलून आलं. आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांनी माईंच्या पुढे ठेवला, आणि त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं की या बाईचा मुलगा चोर असणं शक्य नाही. नीलकंठरावांनी तसलं काही ठरवलं नाही. ते फक्त टोपी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं धारेत उतरले. दवाखान्याबाहेरचा लाकडी बाक रिकामा होता. एरवी तिथे टेकायला जागा मिळत नसे, हे गोपाळराव डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं. पन्नाशीचा हा माणूस महिन्याभरात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"चार वर्षांपूर्वी हे औषध आलं तेव्हा मला वाटलं, आपली निम्मी लढाई संपली," ते म्हणाले. "आणि खरंच तसं होतं हो! मरणाच्या दारातली माणसं उठायची. आता ही तीन. हलवायाच्या मानेवरचं गळू कापलं होतं. एका शेतकऱ्याच्या पायावर कुऱ्हाड पडली होती. आणि सुभद्राच्या हातावर कढतं तेल सांडलं होतं. पट्ट्या तिघांच्या भास्करनं केल्या, सुयाही त्यानंच टोचल्या. जखमा चिघळतच गेल्या."

"त्याच दिवसांत दुसऱ्या कुणाला पेनिसिलीन दिलं होतं?"

"एका गवंड्याला. छातीत कफ, न्यूमोनिया. गंमत म्हणजे सुभद्राला एक दिवस ज्या बाटलीतून दिलं, त्याच बाटलीतलं अर्धं भास्करनं त्या गवंड्याला टोचलं. गवंडी तिसऱ्या दिवशी उठून भाकरी मागत होता. फौजदार म्हणतो, त्याचं नशीब."

"फौजदारांनी पुरावा काय नेला?"

"रिकाम्या बाटल्या आणि सुभद्राच्या हातावरची शेवटची पट्टी. डब्यात घालून कुलपात ठेवलीय."

"त्या पट्टीचा एक तुकडा मला हवाय," नीलकंठराव म्हणाले. "आणि बोळे लावलेल्या बंद काचेच्या नळ्या, डझनभर."

जगदेवरावांनी तोंड वाकडं केलं. चोराचा पाठलाग करायचा तर नळ्या कशाला, हे त्यांना कळेना. पण विचारून उत्तर मिळायचं नाही, हेही ठाऊक होतं.

शेजारच्या खोलीत मोरोपंत एका हमालाच्या बोटाला पट्टी बांधत होते. दवाखान्याचे जुने कंपाउंडर. साठीचे, तिरसट. नाकातोंडावरून उपरणं गुंडाळलेलं, हात लांब केलेला, आणि जखमेला जे काही लागत होतं ते चिमट्यानंच.

"मला पुवाचा वास सोसत नाही," उपरण्याच्या आतूनच ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून मी असाच. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. भास्करचं तसं नव्हतं. आयोडीन झोंबलं की पोटच्या पोराला घालावी तशी फुंकर घालायचा. मग गर्दी कोणाकडे होणार? ज्याला दुखतंय तो त्याच्याकडे, ज्याला घाई आहे तो माझ्याकडे."

"तुमच्याकडच्या जखमा भरल्या?"

"न भरायला काय झालं?"

बाहेर आल्यावर जगदेवराव कुजबुजले, "हाच! पोटात दुखतंय ह्याच्या. भास्करच्या बाटल्यांत ह्यानंच पाणी भरलं आणि आळ त्याच्यावर ढकलला."

"मग गवंडी कसा वाचला?"

जगदेवराव पुढे चालायला लागले.

सुभद्राच्या घरी तिची सासू यमुनाबाई भेटली. मांडीवर नातू होता, वाटीतलं गाईचं दूध चमच्यानं पाजणं चाललं होतं. भास्करचं नाव काढताच तिचा हात थांबला.

"अहो, आम्ही तर त्याला देवमाणूस समजत होतो! तिचा हात हातात घेऊन, फुंकर घालून घालून पट्टी करायचा. ती बिचारी मला म्हणायची, भास्कर भियाच्या हातनं बिलकुल दुखत नाही. आणि सुईतून पाणी टोचत होता हो!" ती रडू लागली. "ह्या लेकराला आता मी काय सांगू?"

जगदेवरावांना तिथे उभं राहवेना. ते बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत राहिले.

भास्करची खोली अंधारी होती. दारातल्या शिपायानं दोघांना आत सोडलं. तिशीचा पोरगा, अंगात ताप. नाकपुडीच्या कडेला लाल पुळी आली होती. गुडघ्याखाली पाय दुप्पट सुजला होता आणि पट्टीतून पिवळं पाणी पाझरत होतं.

"पट्टी कोण करतं?"

"पहिल्या रात्री माझी मीच केली. दुसऱ्या दिवसापासून मोरोपंत करतात. सुयाही तेच टोचतात. डॉक्टरसाहेबांनी इंदूरहून नवं खोकं आणवलं. आज चौथा दिवस."

"ताप उतरला?"

"उतरेल." भास्कर कोपरावर उठायला गेला. "नीलकंठराव, मी पाणी भरलं नाही. पण बाटल्या मीच आणायचो, धामनोदच्या खंडोजीकडून. त्यानं मला खोटा माल दिला असेल तर? मग ती तीन माणसं माझ्या हातानंच गेली ना? सुटायचं मागाहून बघू. औषध खरं होतं का, एवढं मला शोधून द्या."

"नाकातली ही पुळी कधीची?"

"ही?" प्रश्नाचं त्याला नवल वाटलं. "पावसाळ्यापासून येते-जाते. फळ्यातल्या पोरांना असतात तसली."

फळ्या म्हणजे सरदारपुरच्या वाटेवरची भिलांची वस्ती. तीन वर्षांपासून भास्कर दर रविवारी सायकलवर तिथे जायचा. पोरांच्या अंगावर फोड असत, त्यांना पेनिसिलीनच्या मलमाची नळी स्वतःच्या पगारातून नेऊन द्यायचा. त्यांच्यात बसून जेवायचा. पोरं अंगाखांद्यावर चढायची. हे सांगताना त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

निघताना नीलकंठरावांनी नळीतला बोळा त्याच्या नाकात फिरवून घेतला, दुसरा पायाच्या जखमेतून. मोरोपंतांकडूनही एक घेतला, त्यासाठी त्यांना उपरणं सोडावं लागलं आणि ते फार रागावले.

धामनोदला आग्रा-मुंबई रस्त्यावर खंडोजीचं दुकान होतं. पुढे ढाबा, मागे औषधांची खोकी. मुंबईहून येणाऱ्या ट्रकवाल्यांकरवी माल यायचा. खंडोजी जाडजूड आणि बोलका होता. तपासाचं नाव ऐकून त्याला घाम फुटला.

"देखो साहब, दारूबद्दल विचाराल तर मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "पण दवाईत लबाडी नाही. माझी स्वतःची मुलगी ह्याच दवाईवर जगली. बंद बाटल्या घेऊन जा, वाटेल तिथे तपासा."

नीलकंठरावांनी दोन बाटल्या खिशात टाकल्या. "भास्कर मलम किती न्यायचा?"

"पहिल्या साली महिन्याला एक नळी. मग तीन. ह्या दिवाळीपासून पाच-पाच. मी हसलो त्याला. म्हटलं, क्यों भिया, फळ्यात इतनी बढोतरी हो गई क्या?"

"मग? काय म्हणाला?"

"हसला नाही. म्हणाला, पहिल्यासारखा गुण येत नाही, खंडोजी."

मोटारीत बसल्यावर जगदेवरावांनी मांडीवर थाप मारली. "झालं! मलमही खोटं. खंडोजीच चोर." नीलकंठराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता, आणि जगदेवरावांना उगीचच भीती वाटली.

फळ्यात जायला निघताना जगदेवरावांनी मोठा गुळाचा खडा बरोबर घेतला. टेकाडावर विखुरलेल्या दहा-बारा झोपड्या, पुढे हरभऱ्याचं शेत. थावरी नावाची म्हातारी सगळ्यांच्या वतीनं बोलायला पुढे आली. भास्कर भियाला मारलं हे तिच्या कानावर आलं होतं. ती कपाळावर हात मारून खाली बसली.

जगदेवरावांनी तिच्या नातवाला जवळ बोलावलं आणि गुळाचा खडा त्याच्या हातात दिला. पोरानं तो तोंडाजवळ नेलासुद्धा नाही, सरळ आजीकडे दिला. थावरीनं दगडावर ठेवून तो फोडला. चाळीसेक तुकडे झाले, एकही दुसऱ्याहून मोठा नव्हता. म्हाताऱ्यांना, बायांना, पाळण्यातल्या पोराच्या नावानं त्याच्या आईला. जे मजुरीला सरदारपुरला गेले होते त्यांचे तुकडे पानात बांधून आढ्याला अडकवले गेले. नातवाच्या वाट्याला हरभऱ्याएवढा खडा आला. तो खूश होता.

"अरे, मी त्याला दिला होता," जगदेवराव पुटपुटले.

"एकला को कैसे, भिया?" थावरी म्हणाली. "बाहर से आया तो सबका आया."

नीलकंठरावांनी हळूच विचारलं, "और मलम?"

"मलम भी सबका."

तिनं दाखवलं. झोपडीच्या कुडात एक रिकामी नळी खोचलेली होती, पिळून चपटी झालेली. भास्करनं आणलेली नळी त्याच संध्याकाळी संपायची. फोड असो वा नसो, प्रत्येकाला तिळाएवढं मलम. ज्याला फोड त्याच्या फोडावर, बाकीच्यांच्या नाकपुडीला, म्हणजे फोड येऊच नयेत. भास्कर नळी देऊन जायचा तेव्हा एखाद्या पोराचं नाव सांगून जायचा. ते नाव लक्षात ठेवण्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

"पहेले साल एक रोज में फोडा सूखता था," ती म्हणाली. "अब कुछ नी होता. भिया के हाथ का जस गया. पर भिया को बोले नी हम. उसको बुरा लगे."

तिच्या नातवाच्या पोटरीवर तीन फोड होते. बाकी पोरगा धडधाकट होता, टेकाडावरून धावत खाली-वर करत होता.

नीलकंठरावांनी नळ्या काढल्या. कुणी घाबरू नये म्हणून पहिला बोळा त्यांनी जगदेवरावांच्या नाकात घातला. रिसाल्यातल्या माजी जमादाराला भर वस्तीसमोर तीन शिंका आल्या आणि सगळा फळ्या हसला. त्या दिवसांत जगदेवरावांनी ऐकलेलं ते एकच हसू. मग थावरी आणि आणखी सात जण स्वतःहून पुढे आले.

नळ्या, पट्टीचा तुकडा, खंडोजीच्या दोन बाटल्या आणि दवाखान्यातल्या दोन, एक जुनी शिल्लक आणि एक नव्या खोक्यातली, अशा बाटल्या इंदूरच्या एका प्रयोगशाळेत गेल्या. तिथले डॉक्टर नीलकंठरावांच्या ओळखीचे होते. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत भास्करच्या मांडीवर विषाची लाल रेघ चढली.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पडवीत सगळे जमले. फौजदार खुर्चीत, गोपाळराव खांबाला टेकून, मोरोपंत कोपऱ्यात. यमुनाबाई नातवाला घेऊन आली होती. माई जमिनीवर बसल्या होत्या. नीलकंठराव उभे राहिले. त्यांच्या हातात इंदूरचा कागद होता, पण त्यांनी तो उघडला नाही.

"फौजदारसाहेब, तुमचा खटला एका गोष्टीवर उभा आहे. गेलेली तिन्ही माणसं भास्करच्या हातची."

"आणि ते खोटं आहे?"

"अगदी खरं आहे. पण गवंडीही त्याच्याच हातचा. एकाच बाटलीतलं अर्धं सुभद्राला दिलं आणि अर्धं गवंड्याला. एक गेली, एक उठला. एका बाटलीत अर्धं पाणी आणि अर्धं औषध वेगळं राहील कसं? मी चार बाटल्या इंदूरला तपासून घेतल्या. चारींत औषध पुरं आहे. पाणी कुणीच भरलं नाही. भास्करनं नाही, मोरोपंतांनी नाही, खंडोजीनंही नाही."

माईंनी डोळे मिटले. जगदेवरावांना वाटलं, झालं, आता उठून पेढे आणावेत. पण नीलकंठरावांचा आवाज तसा नव्हता.

"मग फरक कुठे? गवंड्याचा रोग छातीत होता, त्याला फक्त सुई टोचली. बाकी तिघांच्या जखमा उघड्या होत्या, त्यांना पट्ट्या लागल्या. उघड्या जखमा मोरोपंतांकडेही आल्या, त्या भरल्या. औषध तेच, दवाखाना तोच. मोरोपंतांत आणि भास्करात काय वेगळं आहे?"

"स्वभाव," जगदेवरावांच्या तोंडून निघून गेलं.

"बरोबर, जगदेवराव. स्वभाव. मोरोपंत नाकाला उपरणं बांधतात आणि चिमटा वापरतात. भास्कर जखमेवर वाकायचा आणि फुंकर घालायचा. मोरोपंतांनी सांगितलं, यमुनाबाईंनीही सांगितलं."

आता त्यांनी इंदूरचा कागद उघडला.

"पू करणारे जंतू पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकात बसलेले असतात. त्यांना त्रास देत नाहीत. प्रयोगशाळेत ते काचेच्या बशीत वाढवतात आणि मधोमध पेनिसिलीन ठेवतात. जंतू मेले तर भोवती मोकळं रिंगण पडतं. जगदेवरावांच्या बशीत रिंगण पडलं, मोरोपंतांच्याही पडलं. सुभद्राच्या पट्टीतल्या जंतूंच्या बशीत पडलं नाही. भास्करच्या नाकातल्याही नाही, पायातल्याही नाही. फळ्यातल्या आठ जणांपैकी सात जणांच्या नाही. हे जंतू पेनिसिलीनला जुमानत नाहीत."

"असं कसं होईल?" गोपाळराव पुढे आले. "पेनिसिलीन?"

"डॉक्टर, पहिल्या वर्षी तिथे एका नळीत फोड सुकायचे. मग तीन लागल्या, मग पाच, आणि आता पाचांचाही गुण नाही. खंडोजीनं मला हे सांगितलं तेव्हाच मला धास्ती वाटली. माल तर तोच होता. मग फळ्यात ते मलम कसं वापरतात ते पाहिलं. एका पोरासाठीची नळी चाळीस माणसांत वाटली जाते. प्रत्येकाला तिळाएवढं. बाहेरून आलेलं एकट्यानं घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. तिळाएवढ्या मलमानं जंतू संपत नाही. दुबळे मरतात, चिवट उरतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तीन वर्षं. शेवटी चिवटच उरले, फळ्याभर. भास्कर त्यांच्यात बसायचा, जेवायचा, पोरं अंगावर घ्यायचा. पावसाळ्यापासून त्याच्या नाकात तसलीच पुळी आहे. तिथून ते जंतू इथे आले आणि फुंकरीबरोबर जखमेत गेले."

फौजदार ताडकन उठले. "म्हणजे रोग त्या भिलांनी पसरवला! आजच फळ्यावर बंदोबस्त बसवतो."

"कशासाठी?" नीलकंठराव एवढे चिडलेले जगदेवरावांनी कधी पाहिले नव्हते. "मिळालेलं वाटून घेतलं म्हणून? हे वाटायचं नसतं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं? भास्करला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. औषध त्यांच्या हातात ठेवून आपण सगळे परत आलो. पकडायचंच असेल तर आधी मला पकडा, आठवड्यापूर्वी मलाही ठाऊक नव्हतं."

फौजदार खाली बसले. यमुनाबाईनं नातवाला छातीशी धरलं होतं. शिव्या द्यायच्या तर कुणाला, हे तिला कळत नसावं.

"लहानपणी तो पडला की मी फुंकर घालायची," माई एकदम म्हणाल्या. "तिथूनच शिकला असेल."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

मग त्यांनी मान वर केली. "नीलकंठराव, माझ्या भास्करनं पाणी भरलं नाही. हे चारचौघांत झालं ना?"

"झालं, माई."

"मग आता त्याच्या पायावर कोणतं औषध चालवणार?"

जगदेवरावांना हा प्रश्न तोवर पडलाच नव्हता. त्यांनी गोपाळरावांकडे बघितलं. गोपाळराव खांबाला धरून उभे होते.

"सल्फाच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून देतोय," ते म्हणाले. "उतार नाही. म्हणूनच मुंबईला तार केली होती, काल उत्तर आलं. यावर चालेल असं काही इथे मिळणार नाही. पाय काढायचा म्हटलं तर विष मांडीच्या वर गेलंय." "माई, माझ्याकडे काही नाही."

माई उठल्या आणि आत गेल्या. त्यांच्या मागोमाग नीलकंठराव आणि जगदेवराव. भास्कर जागा होता. त्याचे डोळे खोल गेले होते, श्वास भराभर चालला होता.

"औषध खरं होतं, बाळा," माई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर ठरलं."

त्याचा चेहरा इतका उजळला की जगदेवरावांनी मान फिरवली. किती तरी वेळ तो "खरं होतं," एवढंच म्हणत राहिला. मग थांबला. नऊ वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस, त्याला शिकवावं लागत नाही.

"इंदूरहून आणलेलं? मला देताहेत ते?"

"तेही खरंच आहे," नीलकंठराव म्हणाले.

भास्करनं आपल्या पायाकडे बघितलं. कसे जंतू, कुठून आले, हे त्यानं विचारलं नाही. आणि ते त्याला सांगायची नीलकंठरावांची हिंमत झाली नाही.

"फळ्यात फोड जात नव्हते," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, मलम कमी पडतंय. मी आणखी नेत राहिलो." पुन्हा दम लागला. "तिथे एखाद्याला कुऱ्हाड लागली, एखादी बाळंतीण आजारी झाली, तर त्यांना काय देणार?"

नीलकंठरावांनी चष्मा काढून हातात धरला.

दारात फौजदार येऊन उभे राहिले होते. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं आपली घोंगडी गुंडाळून काखेत घेतली आणि आत डोकावून म्हणाला, "भास्कर भिया, आप छूट गए." बिचाऱ्याच्या आवाजात खरा आनंद होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"जगदेवराव," माई म्हणाल्या, "टांगा आणा. मी त्याला घरी नेते."

मोरोपंतांनी न सांगता पाय नव्या पट्टीत गुंडाळायला घेतला.

जगदेवराव बाजारापर्यंत चालत गेले. वाटेत त्यांच्या मनात येत होतं, एखादा चोर असता तर किती बरं झालं असतं. त्याची मानगूट धरता आली असती, चार थोबाडीत देता आल्या असत्या. चौकात दोन टांगे उभे होते. त्यांनी म्हातारा, संथ घोडा असलेला निवडला आणि आत अंथरायला गवत मागून घेतलं.

"सावकाश ने, भिया. खड्डे चुकव."

"बीमार है क्या कोई?" टांगेवाल्यानं लगाम हातात घेत विचारलं. "किधर लेना है, अस्पताल?"

"नहीं, भिया," जगदेवराव म्हणाले. "घर."